एकादशीचं मीठ

आमच्या खानावळीत एकादशीला मीठ बघायचं काम माझ्याकडे होतं. आईचा उपास असायचा, पण चूल थंड ठेवून चालणार नव्हतं. मेंबरांना एकादशी नव्हती, गिरणीची पाळी होती. रातपाळीवाले सकाळी सातचा भोंगा झाला की अर्ध्या तासात पाटावर येऊन बसत, पहिल्या पाळीचे साडेतीनला सुटून येत, दुसऱ्या पाळीचे मध्यरात्रीनंतर. उपासाच्या तोंडाने आमटी चाखायची कशी? म्हणून आई डाव माझ्यापुढे धरायची. मी तळहातावर चार थेंब घेऊन जिभेला लावायची आणि मोठ्या तोऱ्यात सांगायची, "जरा कमी हाय." माझं सांगून होईतो तिचा हात मिठाच्या बरणीत गेलेला असे. वाफ नाकाला लागली की तिला मीठ कळत होतं. माझी नेमणूक बहुधा पोरीला कामाला जुंपून ठेवण्यापुरतीच होती.

मुंबईत हिंदमाता म्हटलं की आता लोकांना दोनच गोष्टी आठवतात. साड्या आणि ड्रेस मटेरियलचा बाजार, आणि पावसाळ्यात टीव्हीवर दिसणारं कमरेएवढं पाणी. आमची चाळ हिंदमाता सिनेमापासून भोईवाड्याच्या दिशेने चालत गेलं की लागायची, आणि आम्ही तळमजल्यावर. त्यामुळे जून लागला की तांदूळ-ज्वारीची पोती माळ्यावर, स्टोव्ह टेबलावर, आणि मेंबर अर्ध्या चड्डीवर पाणी तुडवत जेवायला हजर. महापालिकेने आता प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर मैदानाखाली पाणी साठवायच्या मोठाल्या टाक्या बांधल्यात, पंप बसवलेत. त्या काळी पंप म्हणजे आई आणि मी, हातात एकेक डबा घेऊन.

खानावळीला पाटी नव्हती. 'साचेवाल्याची खानावळ' एवढीच ओळख. साचेवाला म्हणजे माझे वडील. गिरणीत साचा खात्यात होते, दुसरी पाळी. खानावळीत त्यांनी कधी तांब्याभर पाणी वाढलं असेल तर मला आठवत नाही, पण नाव त्यांचं. दोन खोल्या. पुढच्या खोलीत सहा-सहाची पंगत बसायची, रात्री तिथेच आम्ही भावंडं झोपायचो. मागच्या खोलीत भुशाची शेगडी, दोन पंपाचे स्टोव्ह आणि आई.

गिरणगावात अशा खानावळी घरटी नसल्या तरी चाळीगणिक होत्या. माणसं यायची सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडून, एकटी. बायको-पोरं गावी, शेतावर. इथे एका खोलीत पंधरा-वीस जण, प्रत्येकाला पत्र्याची ट्रंक ठेवण्यापुरती जागा, आणि झोपायचं तेही पाळीपाळीने. एक उठून कामावर गेला की दुसऱ्याने त्याच्याच जागी वळकटी उघडायची. तिथे चूल कोण मांडणार? मग खानावळ. बाईच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट आणखी वेगळी दिसते. आईची मावशी गिरणीतच होती, वाइंडिंग खात्यात. एके काळी बायका गिरण्यांत बऱ्याच होत्या. मग रात्रीच्या कामाला बायकांना मनाई आली, मुंबई इलाख्यात १९२९ साली बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. कायदे बायकांच्या भल्याचेच, पण मालकांनी खर्चाचा हिशेब घातला आणि बायका भरणंच हळूहळू कमी केलं. आईच्या पिढीला गिरणीचं दार जवळपास बंद झालेलं होतं. राहिलं काय, तर गिरणीतल्या माणसाला रांधून घालणं. काम गिरणीचंच, फक्त भिंतीच्या बाहेरचं.

वही माझ्याकडे आली ती चौथीत असताना. आईला लिहिता येत नव्हतं, मोजता मात्र सगळं येत होतं. प्रत्येक मेंबराचं एक पान, पानावर महिना, महिन्याखाली खाडे. जेवायला न येणार असशील तर आदल्या जेवणाला सांगायचं, तरच खाडा धरला जाणार. न सांगता बुडवलेलं जेवण मेंबराच्या माथी. या नियमावरून भांडणं व्हायची. एक कार्डिंगवाला गडी दर महिन्याला शपथेवर सांगायचा की मी सांगितलं होतं. आई त्याला विचारायची, "त्या दिवशी भाजी काय होती?" त्याला सांगता यायचं नाही, मग तिचा मुद्दा असा, की जो न जेवलेल्या दिवसाची भाजी विचारून जातो तोच खरा सांगून गेलेला. हा न्याय कुठल्या कोर्टात टिकला नसता. आमच्याकडे टिकला.

मेंबर निवडण्यात तिची एक रीत होती, आणि ती किती पक्की होती हे मी पुढे बँकेत लागले, रोज दुसऱ्यांचे धंदे कागदावर पाहू लागले, तेव्हा उमगलं. ती निम्मे मेंबर घाटावरचे घ्यायची, निम्मे कोकणातले. आम्ही पाटण तालुक्यातले. आमच्या माणसांच्या बायका सरळ आपल्याच गावचे मेंबर घ्यायच्या, ओळख असते, पैसे बुडत नाहीत म्हणून. आईचं म्हणणं, गावचे सगळे एकदमच गावी जातात. चैत्रात जत्रा लागली की खानावळ ओस, आणि वाण्याचं बिल तर थांबत नाही. कोकणातला माणूस शिमग्याला आणि गणपतीला जाणार, आपला जत्रेला आणि दिवाळीला. दोन्ही ठेवले की ताटं कधीच सगळी उपडी पडत नाहीत. यासाठी किंमत मोजावी लागली, ती म्हणजे दोन स्वयंपाक. इकडच्यांना ज्वारीची भाकरी आणि तोंड भाजेल असा खर्डा, तिकडच्यांना भात, सुकट आणि कुळथाची पिठी. पिठी ती शेजारच्या मालवणी काकींकडून शिकली. पहिली पिठी फसली, गुठळ्या झाल्या, ती आम्ही भावंडांनी दोन दिवस खाल्ली. कोकणी मेंबर तिला काकी म्हणत, घाटावरचे वैनी. दोघांचे उखाळ्या-पाखाळ्यांचे विषयही वेगळे, ते ती दोन्ही बाजूंचे ऐकून घ्यायची आणि इकडचं तिकडे करायची नाही.

आता माळेची गोष्ट. वडील माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, गुरुवारी चाळीतल्या भजनात पखवाज त्यांच्याकडे, आषाढीला जमलं तर वारी. भजनाला बसले की आमच्या चाळीत त्यांच्यासारखा देवमाणूस नाही असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. आईला माळ नव्हती. तिचा उपास, तिची तुळस, काकड्याच्या वेळी उठणं सगळं होतं, पण माळ नाही. चाळीतल्या बायका विचारायच्या, धनी माळकरी आणि तू अशी कशी? ती हसून विषय बदलायची. कारण साधं होतं. रविवारी मेंबरांना मटण लागायचं. आठवडाभर आमटी-भाकरी खाऊन राबणारा गडी रविवारच्या दोन फोडींवर आठवडा काढतो, आणि ज्या खानावळीत रविवारी मटण नाही तिथला मेंबर पुढच्या महिन्यात दुसऱ्या खानावळीत. माळ घातलेल्या बाईने मटण शिजवायचं नाही. म्हणून मटणाचं पातेलं वेगळं, डाव वेगळा, शेगडी बाहेर पॅसेजमध्ये, आणि आई माळेशिवाय. घरात माळ एकालाच परवडण्यासारखी होती. ती वडिलांच्या गळ्यात गेली.

यात तिने काही त्याग केला असं तिला वाटत नव्हतं, आणि मीही तसं लिहायला धजत नाही. त्यागाची भाषा बायकांच्या बाबतीत आपल्याकडे फार स्वस्त आहे. तिच्या लेखी हा कामाचा क्रम होता. आधी पंगत, मग पांडुरंग. तो समजून घेईल, मेंबर घेणार नाही.

पंढरपूर तिला जमायचं नाही. आषाढीला खानावळ दोन दिवस बंद ठेवायची म्हणजे वीस-बावीस माणसांनी जायचं कुठे? मग ती वडाळ्याला जायची. कात्रक रोडचं विठ्ठल मंदिर म्हणजे मुंबईकरांचं प्रतिपंढरपूर. आषाढीला तिथे रांग लागते ती लागते. आई सकाळची पंगत उरकून, भाकऱ्या कापडात गुंडाळून ठेवून, मला घेऊन पायी निघायची. पाऊस असायचाच. रांगेत बायकांच्या डोक्यावर तुळशी, हातात टाळ, आणि आईच्या हातात पिशवी, कारण येताना भाजी घ्यायची. साडेतीनची पाळी सुटायच्या आत परत. त्या रांगेत तिच्यासारख्या पुष्कळ होत्या, घड्याळाकडे बघून ओव्या म्हणणाऱ्या.

या आमच्याच भागात पंढरपूरची आस धरलेली आणखी एक बाई राहून गेली. परळच्या पोयबावडीला बीआयटी चाळीत आणि नंतर हिंदू कॉलनीतल्या राजगृहात. आमच्या चाळीतून दोन्हीकडे चालत जाता येई. रमाबाई आंबेडकरांना पंढरपूरला जायचं होतं, पण त्या काळी अस्पृश्यांना विठ्ठलाचं दर्शन बाहेरूनच, म्हणून बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली. २७ मे १९३५ ला रमाबाई वारल्या. पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं झालं ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ आपल्या रामूच्या स्मृतीला अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत तिच्या मनाच्या चांगुलपणाबरोबर, हलाखीच्या दिवसांत तिने जे सोबतीने सोसलं त्याची नोंद आहे. मला ती अर्पणपत्रिका नेहमी विशेष वाटते. बायकोच्या आठवणीत नवऱ्याने तिच्या वाट्याच्या ओझ्याचा हिशेब लिहिलेला आपल्याकडे फार सापडत नाही. आईची आणि रमाबाईंची तुलना मी करणार नाही. आईची वारी कामाने अडली, रमाबाईंची देवळाच्या दाराने. यातला फरक बारीक नाही.

आमच्याकडे हिशेब लिहिला जाण्याची तऱ्हा दुसरीच. १९८१ च्या जनगणनेला माणूस घरी आला तेव्हा आई भाकऱ्या थापत होती, परातीत पिठाचा डोंगर. त्याने वडिलांना विचारलं, "घरातली बाई काही काम करते का?" वडील म्हणाले, "नाही, घरीच असते." त्याने तसं लिहून घेतलं, चहा घेतला आणि गेला. वडिलांच्या मनात काही वाकडं नव्हतं, त्यांना खरंच तसं वाटत होतं. आई तेव्हा काही बोलली नाही. रात्री वडील पाळीवरून आले, हातपाय धुऊन पाटावर बसले, तर पुढ्यात ताट नाही. "आवं, मी घरीच असते. काम कुठं करते?" वडिलांना आधी कळेना. कळल्यावर ते इतके हसले की शेजारच्यांनी भिंत ठोकली.

वडील येईपर्यंत ती जेवत नसे. रात्री साडेबारापर्यंत तशीच. मला हे तेव्हाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही. मी माझ्या संसारात एक दिवससुद्धा असं केलं नाही. पण तो वेळ ती नुसती वाट बघत बसलेली नसे, हेही खरं. तांदूळ निवडायचे, डाळ भिजत घालायची, आणि दिवसभराचे खाडे मला झोपेतून उठवून सांगायचे. मग दोघं एका ताटाला समोरासमोर बसत. वडिलांच्या केसांत कापसाची तुसं अडकलेली असत, ती आई जेवता जेवता काढायची. त्यांचं नाव ती कधी घेत नसे.

खानावळीचं सगळं गणित उधारीवर चालायचं. मेंबर जेवणार महिनाभर, पैसे देणार गिरणीचा पगार झाल्यावर. तोवर वाण्याकडून उधार. उधारीवर घेतलेला तांदूळ दोन पैसे महाग आणि वर खडेही त्याच्याचकडचे, कारण तोंड उघडायची सोय नाही. महिना ओढला गेला की पितळी हंडा गहाण, त्याहून ओढला की पाटल्या. मेंबराने दिलेल्या पैशातला मोठा वाटा व्याजातच जायचा. खानावळवाल्यांना हे कळत नव्हतं असं नाही. सुटायचं कसं हे कळत नव्हतं.

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. प्रेमाताई गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या, नंतर गिरणी कामगारांच्या चळवळीत काम करणाऱ्या. कामगारांचे मोर्चे, सभा, संप सगळीकडे होते, पण त्या कामगाराला दोन वेळा जेवू घालणारी बाई कुठल्याच युनियनची सभासद नव्हती. १९६९ ला बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं, आणि १९७२ पासून गरिबांना ४ टक्के व्याजाने कर्ज द्यायची योजना कागदावर होती. प्रेमाताईंनी ती कागदावरून उतरवली. पहिल्या खेपेला १४ खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळालं, प्रत्येकी १,५०० रुपये. तारण काही नाही. गटातल्या बायका एकमेकींना जामीन.

आई काही वर्षांनी त्यात गेली. मालवणी काकींनी नेलं. जाताना वडिलांना सांगितलं नाही, कारण वडिलांच्या मते बँकेत पगारदार माणसं जातात. अर्जासाठी तिला सही शिकायची होती. अंगठ्यावर काम झालं असतं, पण काकी सही करतात म्हटल्यावर तिला अंगठा नको होता. आठवडाभर पोळपाटावर पीठ पसरून बोटाने गिरवत होती. नावातला एक जोडाक्षराचा भाग तिला शेवटपर्यंत जमला नाही, म्हणून ती नाव तिथे जरा मोडूनच लिहायची, आणि बँकेने ते मोडलेलं नाव चालवून घेतलं. पैसे हातात आल्यावर तिने काय घेतलं? आम्हाला वाटलं पाटल्या सोडवेल. ती मस्जिद बंदरच्या दाणाबाजारात गेली आणि रोखीने पोती आणली. पुढच्या महिन्यात वाण्याच्या बिलात जे वाचलं त्यातून हप्ता, आणि हप्त्यातून उरलं त्यात वर्षभराने पाटल्या. मी उभी नोकरी कर्जाच्या टेबलावर काढली. लाखांच्या प्रकल्प-अहवालांची बाडं घेऊन आलेली सुशिक्षित माणसं पाहिली. खेळतं भांडवल म्हणजे काय, हे त्यांतल्या निम्म्यांना आईइतकं कळलेलं नव्हतं.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे साठेक गिरण्या आणि अडीच लाखांच्या घरात कामगार संपावर गेले. पहिले महिनाभर आमच्याकडे जवळपास जत्रेचं वातावरण होतं. सगळे मेंबर दिवसभर घरी, पत्ते, चर्चा, सभांचे वृत्तान्त, महिन्या-दोन महिन्यांत मिटतंय ही खात्री. आईने तेव्हाच पोती मोजायला सुरुवात केली होती. वडीलही संपात, म्हणजे घरातला पगारही बंद.

मार्चपासून वहीत नुसतेच आकडे चढत गेले, उतरणारं काही नाही. रविवारचं मटण गेलं. मग संध्याकाळची भाकरी जाऊन पेज आली. वाण्याने हात वर केले. त्यालाही दोष देता येत नाही, त्याची निम्मी उधारी गिरणगावात अडकलेली. पाटल्या पुन्हा गेल्या, या वेळी वाट्या आणि काळे मणी तेवढे गळ्यात ठेवून बाकीचंही. वडिलांनी एकदा म्हटलं, की आता बंद करू, आपलंच भागत नाही. आई म्हणाली, "त्यांच्या आयांनी माझ्या भरवशावर धाडलंय. पाटावर आलेल्याला उठवू कशी?" एवढं ऐकून कुणाला ती माउली वाटेल. तेवढीच ती नव्हती. एका मेंबराने नायगावात गुपचूप कांदे-बटाट्याची गाडी लावली होती आणि इथे संपाच्या नावाखाली फुकट जेवत होता. आईला सुगावा लागला तशी ती मला घेऊन त्या गाडीसमोर जाऊन उभी राहिली. बोलली काही नाही. चार किलो कांदे निवडून पिशवीत भरले, त्याच्या हिशेबात मांड म्हणून मला सांगितलं आणि परत निघाली. पुढे तो रोजचे कांदे आपणहून आणून टाकू लागला.

हळूहळू माणसं गावाकडे गेली. काही सांगून, पाया पडून. काही रात्रीत ट्रंक उचलून. संप अमुक दिवशी मिटला असं कुणी जाहीर केलंच नाही. माणसंच कमी होत गेली. वही माझ्या ट्रंकेत अजून आहे. पुढल्या वर्षांत कुणी मनिऑर्डर केली, कुणी गावाहून येताना तांदूळ आणून टाकला, एकाने मुलाच्या लग्नात आईला लुगडं नेसवून हिशेब फिटला म्हणून सांगितलं. बरेच आले नाहीत. बँकेत आम्ही नव्वद दिवस हप्ता आला नाही की खातं थकीत म्हणायचो, पुढे बुडीत. आईकडे बुडीत हा रकाना नव्हता. दर दिवाळीला ती मला नावं वाचायला लावायची आणि ऐकून म्हणायची, "राहिलंय अजून." माफ केलं असंही म्हणायची नाही.

वडिलांना गिरणीत पुन्हा घेतलं नाही. हिंदमाताच्या कापडबाजारात एका दुकानी गठ्ठे उचलायला लागले. आईने त्याच बाजारात नवे मेंबर शोधले. दुकानांतली पोरं राजस्थान, उत्तर प्रदेशाकडची, त्यांना भाकरी नको, पातळ फुलका हवा. पन्नाशीला टेकलेली आई फुलका शिकली. आता पंगत नाही, डबे. मी तोवर नोकरीला लागले होते, भाऊही कमवत होता, आणि आम्ही दोघं तिला पुरे कर म्हणत होतो. ती ऐकत होती आणि डबे वाढवत होती.

आमच्या वस्तीच्या एका अंगाला १९२६ चं केईएम, त्याला लागूनच १९४१ चं टाटा. टाटासमोरच्या फुटपाथवर बिहार-बंगालकडून आलेली माणसं महिनोन् महिने राहतात, पेशंटबरोबर. एका पावसाळ्यात आई केईएममध्ये वडिलांचे एक्स-रे आणायला गेली ती त्या फुटपाथवरच्या एका बाईशी बोलत बसली. कुणाला कुणाची भाषा येत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून एक पातेलं भात आणि वरण तिकडे जाऊ लागलं. तिने पैसे घेतले. ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून रुपया, दोन रुपये. मी रागावले, कॅन्सरच्या पेशंटच्या माणसाकडून पैसे काय घेतेस? ती म्हणाली, "फुकट दिलं की माणूस खाली मान घालून खातो. रुपया दिला की मीठ कमी हाय म्हणून सांगतो."

वडील गेल्यावर दोन वर्षांनी कार्तिकीला आम्ही तिला पंढरपूरला नेलं. मटण शिजवायचं कधीच थांबलं होतं, आता माळ घालायला हरकत नव्हती. तिने चंद्रभागेत स्नान केलं, एका फडाच्या बुवांकडून माळ घेतली, आणि आम्ही दर्शनबारीत लागलो. बारी लांबच लांब. माझ्या मनात होतं की आता आई डोळे पुसेल, काहीतरी बोलेल. ती मंडपापलीकडच्या अन्नदानाकडे बघत होती. "एवढ्या माणसांना किती पोती लागत असतील गं?" मग स्वतःच हिशेब करत राहिली. प्रसादाची आमटी खाल्ल्यावर तिचा शेरा, की डाळ आधी शिजवून घेतली नाही, घाई केली. विठ्ठलाच्या पायांवर डोकं टेकायला मिळालं ते क्षणभरच, सेवेकऱ्याने पुढे ढकललं. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय मागितलंस? "काय मागायचं? एवढी गर्दी, त्याला बी जेवायला सवड मिळत नसंल."

तिच्या नावाने एक मुदत ठेव होती. माझ्याच शाखेत, माझ्याच हातून केलेली, आणि दर वेळी व्याजदर विचारून नूतनीकरण. कशासाठी ते सांगायची नाही. ती गेल्यावर पासबुकाच्या वेष्टनात नातीच्या अक्षरात लिहून घेतलेली चिठ्ठी निघाली. तेराव्याचं जेवण. दीडशे पानं. पुरी, वांग्याची भाजी, आमटी, बुंदी, आणि तांदूळ १५ किलो. आचारी भोईवाड्यातलाच, जुना. त्याने चिठ्ठी वाचली आणि मान हलवली. दीडशे पानांना वीस किलो लागतात, बाई, म्हणाला, कार्यात भात कमी पडला तर लोक माझं नाव घेतील. आम्ही वीस आणले. त्याने पाच-पाच किलोची चार पातेली लावली. चौथ्याचं झाकण उघडायची वेळच आली नाही. ते तसंच टेम्पोत घालून आम्ही टाटाच्या फुटपाथवर नेलं. तिथे मात्र ते पुरलं नाही.